आवक अर्धा लिटर, शेरा नापास

अन्याय झाला तो लीलाबाईंवर, या वर्षी संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, करीला, सकाळी पावणेसात वाजता. पत्रकाची पहिली ओळ अशीच लागते: कोणावर आणि कधी. मी आजवर पत्रकांखेरीज फारसं काही लिहिलेलं नाही, त्यामुळे एखाद्या माणसाविषयी लिहायला बसले तरी हात त्याच वळणाने जातो. तर अन्याय लीलाबाईंवर झाला, पण हे लिहिणं त्यांच्याविषयी नाही. ते त्याच दिवशी नऊच्या गाडीने आमच्या फाट्यावर उतरलेल्या एका सरकारी माणसाविषयी आहे. या माणसाने तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीत जेवणाचा डबा सोडून काहीही उघडलं नव्हतं. जिथे जाईल तिथे तो बंद करायचा. त्याचं कामच ते होतं.

नगर जिल्ह्यात, बेलापूरच्या रस्त्यावर आमच्या गावात दूध घालायच्या दोन जागा. रस्त्याच्या अलीकडे सरकारी दूध शीतकरण केंद्र, म्हणजे गावाच्या भाषेत 'चिलिंग'. पलीकडे खासगी डेअरीचं संकलन केंद्र, म्हणजे आबा एजंटचं दुकान. बहुतेक गाव आबाकडे घालायचं, कारण तो दर आठवड्याला पैसे मोकळे करायचा. लीलाकाकू आणि आणखी आठ-दहा बाया सकाळचं दूध चिलिंगला घालायच्या, कारण तिथला नामदेव टेस्टर आळशी असला तरी लबाड नव्हता. करीच्या सकाळी चिलिंगच्या फाटकावर कागद चिकटलेला दिसला: केंद्र बंद होत आहे. लीलाकाकू किटली घेऊन रस्ता ओलांडून गेल्या. 'मावशी, इकडं टाका की' म्हणून इतकी वर्षं हाका मारणाऱ्या आबाने डिग्री, म्हणजे दुधातलं पाणी दाखवणारी काचेची नळी, किटलीत बुडवली, तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, "डिग्री बसत न्हाई. निम्म्या भावात टाकायचं तर टाका, न्हाईतर जावा समोर."

"आवं, कालच्याच गाईचं दूध हाय," काकू म्हणाल्या. "तिनं रातीतनं काय शाळा सोडली व्हय?"

आबा नुसता हसला. त्या सकाळी त्याने सगळ्या गावाचाच भाव पाडला. समोरचं दार बंद होणार हे कळायला त्याला अर्थशास्त्राची पदवी लागली नाही. फाटकावरचा कागद पुरला.

आणि नऊला ते उतरले. राखाडी सफारी, खांद्याला कापडी पिशवी, चेहरा दशक्रिया विधीला वेळेवर पोचलेल्या नातेवाइकासारखा. फाटकातून आत आले, पिशवीतून जुन्या पंच्यात गुंडाळलेलं एक भलंमोठं पितळी कुलूप काढलं आणि ओट्याशेजारच्या खिळ्याला उघडंच टांगलं. मग चप्पल काढून खुर्चीवर बसले. बायांनी कुलूप पाहिलं आणि त्याच क्षणी त्यांचं बारसं केलं: कुलपे साहेब. त्यांचं खरं आडनाव वेगळं आणि लांबलचक होतं. ते गावात कोणाच्याच लक्षात राहिलं नाही.

"सरकार तुम्हाला कुलूपसुद्धा देत नाही?" मी पहिल्याच भेटीत विचारलं. मी तेव्हा नुकतंच नगरचं कॉलेज संपवून, नोकरी न शोधता, 'दूध उत्पादक बचाव समिती' काढली होती. समितीत मी, लीलाकाकू आणि एक शिक्का होता.

"देतं," ते शांतपणे म्हणाले. "एकदा सरकारी कुलपावर विश्वास ठेवून एका सूतगिरणीचा समारोप केला. आठवड्याने जाऊन पाहतो तर आत शेळ्या. तेव्हापासून मी स्वतःचं आणतो."

ते 'बंद' म्हणत नसत. समारोप. बियाण्याच्या गोदामाचा समारोप, पंपदुरुस्तीच्या यंत्रशाळेचा समारोप, हातमागाच्या दुकानाचा समारोप. जिल्ह्यात सरकारने उघडलेली आणि मग सरकारला नकोशी झालेली कुठलीही गोष्ट असली की नगरला सावेडीत राहणाऱ्या या माणसाला पाठवायचे. बायको-मुलं सावेडीतल्या घरी. हे आठवडाभर त्या त्या ठिकाणी मुक्काम टाकायचे, तिथल्याच कुठल्यातरी खोलीत खाट घालायचे. आमच्याकडे प्रयोगशाळेत घातली. नामदेव म्हणायचा, "सायेब घोरत न्हाईत. झोपेतपन काय उघडं ठेवत न्हाईत, तोंडसुद्धा."

मी लगेच पत्रक काढलं. मथळा: 'गोरगरिबांच्या दुधावर कुलूप लावणाऱ्या कुलपे यांचा जाहीर धिक्कार!!!' तीन उद्गारचिन्हं, लाल शाईत. शंभर प्रती काढल्या आणि एक त्यांच्या टेबलावर ठेवली. दुसऱ्या दिवशी पोचपावतीसकट लेखी उत्तर आलं. 'कुलपे या आडनावाचा कोणीही अधिकारी या कार्यालयात कार्यरत नाही. सबब धिक्कार प्रेषकास परत करण्यात येत आहे.' सोबत माझं पत्रक, व्यवस्थित चौघडी केलेलं.

मी तणतणत गेले. ते चहा करत होते.

"तुम्ही माझी थट्टा करताय?"

"नाही हो ताई. धिक्कार बजावायचा तर नाव बरोबर पाहिजे. उद्या मी म्हटलं मला मिळालाच नाही, तर तुम्ही काय करणार?" मग चष्म्यावरून बघत म्हणाले, "आणि ती तीन चिन्हं. एक तरी कमी करा. उद्गारचिन्ह म्हणजे पुरावा नव्हे."

या माणसाचा मला मनापासून राग यायचा, आणि राग येण्यासाठी मी रोज तिथे जायला लागले.

त्यांच्या चहाची एक तऱ्हा होती. दूध शीतकरण केंद्रात बसलेला हा माणूस, चहूकडे दुधाचा वास, आणि चहाला दूध कुठलं? आबाच्या डेअरीची अर्ध्या लिटरची पिशवी. रोज सकाळी रस्ता ओलांडून स्वतः विकत आणायचे. केंद्रावर आलेलं दूध सरकारी, त्यातला थेंब आपल्या कपात नको, हा त्यांचा नियम. नामदेव बिचारा इतकी वर्षं त्याच दुधाचा चहा पीत आलेला. तो त्यांच्यासमोर पाप केल्यासारखा, भिंतीकडे तोंड करून चहा प्यायला लागला.

आता सुधारणांविषयी. सरकार याला 'पुनर्रचना' म्हणतं. माझी व्याख्या मी पत्रकात छापली होती: पुनर्रचना म्हणजे जागा हमरस्त्याला लागून असणे. मला वाटलं, कुलपे साहेब आता तरी चिडतील. त्यांनी पत्रक दोनदा वाचलं आणि म्हणाले, "हे बरोबर आहे. मी कुठल्याही संस्थेची फाइल हातात घेतली की आधी नकाशा बघतो. रस्त्यापासून आत असलेली संस्था कितीही तोट्यात जाऊ द्या, कोणी हात लावत नाही. रस्त्याला लागून असली की तिचा तोटा वरच्यांच्या डोळ्यांत खुपायला लागतो."

"मग तुम्ही कशाला बंद करत फिरता?"

"कारण पुष्कळशा बंद व्हायलाच हव्या होत्या. त्या सूतगिरणीत चात्या कमी आणि संचालक जास्त होते. यंत्रशाळेत शेतकऱ्याचा पंप दुरुस्तीला जायचा आणि साहेबाच्या मेव्हण्याच्या विहिरीवर निघायचा. तुम्ही पोरं सरकारी म्हटलं की आरती करता. मी आतून बघितलंय. देव्हाऱ्यात उंदीर होते."

"आणि हे केंद्र?"

त्यांनी रस्त्यापलीकडे पाहिलं. समोर आबाच्या दुकानापुढे किटल्यांची रांग होती. "हे बुजगावणं आहे," ते म्हणाले. "दूध किती येतं इथे? चुळकाभर. बुजगावण्याला पगार देणं तोट्याचंच. हिशेबात बसत नाही. पण ते काढल्याबरोबर पाखरांना कसं कळलं, ते करीच्या दिवशी तुम्ही पाहिलंच."

"म्हणजे तुम्ही आमच्या बाजूचे!"

"मी आदेशाच्या बाजूचा. उगाच आनंद नको."

त्यांची ती आदेशाची बाजू नेमकी काय, हे मला पहिल्याच आठवड्यात कळायला हवं होतं, कारण तो प्रसंग माझ्या डोळ्यांदेखत घडला. सकाळची वेळ. फाटकावर कागद असला तरी केंद्र अजून चालूच आहे हे कळल्यावर लीलाकाकू आणि बाकीच्या बाया परत ओट्यावर दूध मोजून घालत होत्या. कुलपे साहेबांनी आदेश काढला आणि नामदेवला मोठ्याने वाचून दाखवायला लागले: 'सदर केंद्रावर दुधाची आवक निरंक असल्याने...' सरकारी भाषेत काहीच नसेल तर शून्य लिहीत नाहीत, निरंक लिहितात. ते 'निरंक' म्हणाले आणि तेवढ्यात लीलाकाकूंच्या किटलीतलं दूध धडधडत कॅनमध्ये पडलं.

ते थांबले. कॅनकडे पाहिलं. "हे काय आहे?"

"दूध, सायेब," नामदेव म्हणाला.

"मग निरंक कसं?"

"ते वर तसं ठरलंय."

"वर दूध येतं का?"

नामदेवने मान हलवली. दुसरा कोणी असता तर सही ठोकून दुपारच्या गाडीने घरी गेला असता. पंचनामे घरी बसून होतात, हे जिल्ह्यात कोणाला माहीत नाही? पण कुलपे साहेबांनी आदेशाची घडी घातली, खिशात ठेवली आणि खुर्ची ओट्याच्या तोंडाशी ओढून बसले. "निरंक होईल त्या दिवशी निरंक लिहीन. मला एकच दिवस पुरे. घाई नाही."

आणि खरोखरच बसले. रोज सकाळी साडेसहा ते आठ, ओट्याशी खुर्ची टाकून, पाण्यात उभ्या बगळ्यासारखे, निरंकाची वाट बघत. त्यांच्या मनात काही चांगुलपणा होता असं कृपा करून समजू नका. ते मनापासून वाट बघत होते. एक दिवस, एकच दिवस कोणी आलं नाही, की कुलूप लावून मोकळे.

मग काय, आम्ही पाळी लावली. कोणाचं लग्न असो, कोणाचा दहावा असो, रोज निदान एक किटली ओट्यावर आलीच पाहिजे. बाया यायच्या आणि मुद्दाम त्यांच्यासमोर किटली आपटायच्या.

"घ्या सायेब, आजपन न्हाई तुमचं नशीब."

"ठीक आहे. उद्या बघू."

"आवं, कंटाळा न्हाई येत का? घरी बायको वाट बघत आसंल."

"ती सवयीची आहे. तुमच्या म्हशीची तब्येत कशी आहे?"

"लई झ्याक हाय. तुमी निवृत्त व्हाल, ती न्हाई व्हायची."

थंडी सरली. केंद्र बंद होत नाही हे बघून आबाचा भाव हळूहळू पूर्वपदावर आला, आणि लीलाकाकूंच्या गाईला एकाएकी पुन्हा डिग्री यायला लागली. ही आमची लढाई गावातल्या किती जणांना कळत होती, देव जाणे. समोरच्या ओट्यावर आठ-दहा बाया हट्टाने दूध घालतात म्हणून आपल्याला रस्त्यापलीकडे नीट भाव मिळतो, हे गावाला सांगून सांगून माझा घसा बसला. गाव म्हणायचं, "व्हय व्हय," आणि आबाच्या रांगेत उभं राहायचं.

पाडव्याच्या आदल्या दिवशी आबाने दवंडीच पिटली. उद्या सकाळी जो कोणी सगळं दूध, अगदी थेंब न थेंब, त्याच्याकडे घालेल, त्याला जादा भाव आणि वर स्टीलची बादली. मोठी, जाड, कडीची. त्याच दुपारी कुलपे साहेबांना वरून फोन आला. मी तिथेच होते. ते फक्त "हो", "हो सर" म्हणत होते. फोन ठेवल्यावर बराच वेळ नाक चोळत बसले.

"काय म्हणाले?"

"उद्या निरंक आहे म्हणाले. पंचनामा तयार ठेवा." मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "उद्याचा आकडा आज सांगितला की मला कसलातरी वास येतो."

पाडव्याच्या सकाळी सात वाजून गेले तरी ओटा कोरडा. सगळ्या बाया रस्त्यापलीकडे. ज्यांची पाळी होती त्या दोघीही तिकडेच, पदर पुढे ओढून. माझी आईसुद्धा. ती बादली आजही आमच्या न्हाणीत आहे. मी तत्त्व म्हणून तिला हात लावत नाही. आमच्या ओट्यावर एकट्या लीलाकाकू आल्या, रिकामी किटली घेऊन. त्यांची गाय गाभण होती आणि नुकतीच आटली होती.

"काकू, थोडंसं तरी..."

"पोरी, गाय आटली हाय. आता मी काय रडून आनू का दूध?"

कुलपे साहेबांनी पंच बोलावले. पंच म्हणून कोण आलं? आबा. गळ्यात नवा पंचा, कपाळाला गंध, शेजारी त्याचा चुलतभाऊ. खिळ्यावरचं कुलूप काढून कोणीतरी टेबलावर ठेवलं होतं. मी रडकुंडीला आले होते. म्हटलं, "साहेब, मी किटलीत पाणी घालते. तुम्ही दूध लिहा."

"पाण्याची आवक पाटबंधारे खात्याकडे नोंदवतात, ताई. इथे नाही."

"तुम्हाला लाज नाही वाटत? तीन महिने या बाया रोज तुमच्यासमोर... त्यांनी तुमची..." लीलाकाकू रिकामी किटली पोटाशी धरून उभ्या होत्या. उद्या त्या पुन्हा आबाच्या दारात जाणार आणि आबा डिग्री बुडवणार, हे त्यांनाही दिसत होतं आणि मलाही.

आठला पाच मिनिटं कमी असताना कुलपे साहेब खुर्चीवरून उठले आणि आत गेले. आबा म्हणाला, "सायबांची चाची येळ." खरंच, ते चहाच्या दुधाची पिशवी घेऊन बाहेर आले. पण स्टोव्हकडे गेले नाहीत. ओट्याशी आले, पिशवीचा कोपरा दातांनी फाडला आणि म्हणाले, "नामदेव, कॅन उघडा."

नामदेवने उघडला. साहेबांनी पिशवी उलटी केली. शेवटचा थेंब पडेपर्यंत हलवली.

"तपासा."

नामदेवने एकदा आबाकडे, एकदा साहेबांकडे पाहिलं. त्याने सवयीने नमुना घेतला, यंत्राला लावला, आणि यंत्रावरचा आकडा बघून घाबरला. "सायेब... फॅट बसत न्हाई. डिग्रीपन न्हाई."

"मग शेरा काय?"

"ना... नापास."

"मोठ्याने सांगा. पंचांना ऐकू जायला पाहिजे."

"नापास, सायेब!"

आबा पुढे झाला. "आवं, आवं सायेब, ही तर आमच्या डेअरीची पिशवी हाय!"

"असं? मग पंचांनी दूध ओळखलं, असं लिहू का?"

कोणीतरी फिस्कन हसलं. रस्त्यापलीकडच्या रांगेतल्या बाया इकडे बघायला लागल्या होत्या.

"आवो पन, हे काय गाईचं हाय व्हय? इकत आनलंय!"

"कोणाच्या गाईचं, असं विचारायचा नियम नाही. आणि गाईचं नसेल तर कशाचं आहे, ते तुम्हीच सांगा."

आबाने पवित्रा बदलला. "पन नापास झालं ना? घेतलं न्हाई, म्हंजी आवक न्हाई. लिवा निरंक."

कुलपे साहेब खाली बसले, चष्मा पुसला. त्यांना इतका आनंद झालेला मी कधी पाहिला नव्हता, आणि तरी चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. "आबासाहेब, आवक म्हणजे जे आलं ते. घेतलं त्याला स्वीकृती म्हणतात. दोन रकाने वेगळे असतात. स्वीकृती निरंक. आवक अर्धा लिटर, शेरा नापास. इथे सही करा."

आणि आबाला करावी लागली. गाव बघत होतं.

लीलाकाकू त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्याने बोलल्या. रस्त्यापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात. "आबा, माज्या गाईला डिग्री मागतूस, आन तुज्या पिशवीची डिग्री कुटं गेली रं?"

आता न्यायाने सांगायचं तर आबाच्या डेअरीने काही खोटेपणा केला नव्हता. पिशवीवर जेवढं फॅट छापलेलं होतं तेवढंच आत होतं. पण जी डिग्री गाईकडून घ्यायची, ती पिशवीत द्यायची नाही, एवढं साधं गणित गावाला माझ्या शंभर पत्रकांतून कळलं नव्हतं. ते अर्ध्या लिटरमध्ये कळलं. दुपारी मी नवं पत्रक छापलं. एक ओळ: 'पाडव्याच्या दिवशी आबा एजंटच्या डेअरीची पिशवी सरकारी केंद्रावर तपासली. शेरा नापास. पंच स्वतः आबा.' उद्गारचिन्ह एकही नाही. साहेबांनी वाचलं आणि पहिल्यांदाच परत पाठवलं नाही.

त्या दिवशी त्यांनी कोरा चहा घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला ओट्यावर रांग होती. आणि सगळ्या बायांनी दूध आणलं होतं ते आबाच्या त्या नव्या, जाड, कडीच्या स्टीलच्या बादल्यांतून.

वरून खुलासा मागवला गेला. कुलपे साहेबांनी तो दिला. काय दिला ते मला सांगितलं नाही. "कार्यालयीन बाब," म्हणाले. ते मे अखेरीस निवृत्त होणार होते आणि तोवर एकही दिवस निरंक गेला नाही. नोकरीत हातात घेतलेलं आणि पुरं न झालेलं हे एकच काम. निरोपाच्या दिवशी बायांनी शाल-नारळ आणला. त्यांनी तो परत केला. पेढे परत केले. माझ्या आईने बेसनाचे लाडू दिले, तेही परत. मग लीलाकाकू पातेलं घेऊन आल्या. गाय व्यायली होती. खरवस.

आता हेही परत जाणार, असं आम्ही सगळ्या धरून चाललो होतो. साहेबांनी झाकण उचललं, वास घेतला, आणि बराच विचार केला.

"चीक केंद्रावर स्वीकारत नाहीत ना, नामदेव?"

"न्हाई सायेब. चीक कोनच घेत न्हाई."

"म्हणजे हे सरकारी दूध होऊच शकत नाही," ते म्हणाले, आणि उभ्या-उभ्या, चमचा न मागता, बोटांनी खाल्लं. अर्धं पातेलं.

पाडव्यानंतर पुन्हा खिळ्याला टांगलेलं कुलूप जाताना तसंच राहिलं. मी पिशवीत ठेवायला गेले तर म्हणाले, "राहू द्या. इतके महिने इथे टांगलंय, केंद्राचं सामान झालं ते." चावी मात्र त्यांच्याच खिशात. "चावी माझी खासगी." मग गाडीत चढता चढता, पहिल्यांदाच एकेरीवर येऊन, "ए पोरी, धिक्कार करशील तेव्हा नाव विचारून घेत जा."

श्रावणात त्यांच्या मुलाचा फोन आला. झोपेतच गेले होते. आयुष्यभर इतरांचे समारोप रीतसर करणाऱ्या माणसाचा स्वतःचा समारोप मात्र ना आदेश, ना पंच, ना पूर्वसूचना. लीलाकाकू आणि मी सावेडीला गेलो. त्यांच्या पत्नी शांत होत्या. म्हणाल्या, "तुम्ही त्यांना कुलपे म्हणायचात ना? घरी सांगून हसायचे. आणि घरात हा माणूस एक दार लावायचा नाही हो. कपाट उघडं, फ्रिज उघडा, फाटक उघडं. मांजरं आत यायची." लीलाकाकू पदर तोंडाला लावून हसल्या की रडल्या, मला कळलं नाही. मी विचारलंही नाही.

सरकार थांबलेलं नाही, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. जागा अजून हमरस्त्यालाच आहे. कुलपे साहेबांच्या जागी एक नवा तरुण साहेब आला आहे. म्हणजे आलेला नाही. तो नगरलाच असतो. नामदेवला रोज सकाळी आठला मोबाईलवर ओट्याचा फोटो पाठवायला सांगितलं आहे. फोटोत एक दिवस कॅन दिसला नाही, की निरंक. हा साहेब खुर्ची टाकून बसणार नाही, चहाही करणार नाही, आणि त्याच्या हातात कधी पिशवी नसेल. आबाने दिवाळीसाठी काहीतरी मोठं मागवलं आहे, असं ऐकते. या वेळी कुकर आहेत म्हणे.

खिळ्यावरचं कुलूप मी उतरवलं. आता ते आम्ही कॅनच्या झाकणावर ठेवतो, मांजर येऊ नये म्हणून. फोटोत दिसतं ते. झाकणावर पितळी काहीतरी चमकतं ना, तेच.

तर आता तुम्ही. हे वाचून 'काय माणूस होता' म्हणून मान हलवणार असाल, तर नका हलवू. बेलापूर रस्त्यावर राहत असाल तर उद्या सकाळी आठच्या आत ओट्यावर या. लांब असाल, केडगावला, सावेडीला, कुठेही, तर इकडे येण्याचं काम काढा आणि या. गाय असेल तर किटली आणा. म्हैस असेल तर उत्तम. काहीच नसेल तर कोपऱ्यावरच्या दुकानातून अर्ध्या लिटरची पिशवी घ्या, इथे आणून दातांनी फाडा आणि कॅनमध्ये ओता. नामदेव तपासेल. नापास होईल. होऊ द्या. आणा.